प्रभारी या शब्दावरून राहिलेलं भांडण

अहो, प्रेसवाला थांबलाय. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायची आहे. फोटो दिला, वेळ दिली, भंतेजींचं नाव दिलं. सगळं सुरळीत झालं अन् एका शब्दावर गाडं अडलं. तुमच्या नावाखाली काय टाकायचं? ‘सेवानिवृत्त मुख्याध्यापक’ का ‘सेवानिवृत्त प्रभारी मुख्याध्यापक’?

लेक प्रज्ञा म्हणते, “आई, आता तरी ते प्रभारी काढ. गेलेल्या माणसाला कशाला पाहिजे?” तुमच्यानंतर शाळेचा चार्ज घेतलेले वाघमारे सर म्हणतात, “वहिनी, तुम्ही म्हणाल तसं.” अन् मला काही म्हणताच येईना. सारं आयुष्य बडबड करण्यात गेलं, अन् आता एक शब्द ठेवायचा का काढायचा एवढं मला बोलता येईना.

तुम्ही असता तर एका मिनिटात निकाल लावला असता. तो निकाल मला पाठ आहे. पण तो मला कधी पटला नाही, हे तुम्हालाही पाठ होतं. म्हणून तर बसले आहे कागद घेऊन. प्रज्ञा म्हणाली, “लिहितेस तर परक्याला समजेल असं लिही, बाबांना तर सगळं माहीतच आहे.” मंग तुमच्याशी बोलता बोलता थोडं परक्यालाही सांगते. रागावू नका.

आपल्या घरी रविवारची सकाळ म्हणजे मारामारी, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिकडं अमेरिकेत शनिवारची रात्र असती तेव्हा आपल्याकडं बदनापूरला रविवार उजाडलेला असतो. लोक मटण आणायला निघायचे, अन् तुम्ही आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, टीव्हीपुढं असे बसायचे की जसं वंदनेला बसलेत. पडद्यावर बॉक्सिंग, दोन डोंगराएवढे गडी एकमेकांची तोंडं फोडून राह्यलेत अन् इकडं तुमच्या चहावर साय धरलेली. शेजारच्या बाईनं एकदा मला हळूच विचारलं, “सर तर मुंगीला पण बाजूला सारून चालतात. हे कसलं येड लागलं त्यांना?” मी म्हणलं, “कॉलेजात एकदाच रिंगणात उतरले अन् नाक फोडून घेतलं. तवापासून दुसऱ्याची नाकं मोजतात.”

तुम्ही आतून ऐकलं होतं. “मोजत न्हाई,” म्हणालात, “समजून घेऊन राह्यलो.”

खरंच, तुमचा जीव ठोशांत नव्हताच. तुमचा जीव होता कोण कशाचा मालक आहे यात. हेवीवेट म्हणजे नव्वद किलोच्या वरचे गडी, वर किती याला हद्द नाही. त्या गड्यांसाठी एक नाही, चार संघटना, अन् चौघींचा आपापला पट्टा. म्हणजे एकाच वजनाला एकाच वेळी चार चार चॅम्पियन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणलं, “मंग खरा कोणता?” तुमचे डोळे असे चमकले, जसा वर्गातल्या मागच्या बाकावरून एखादा चांगला प्रश्न आला.

त्या दिवसाचं मी विसरणार नाही. मी लसूण सोलून राह्यले होते. तुम्ही माझ्या सुपातले चार गड्डे उचलून फरशीवर मांडले. हे चार पट्टे. एक ज्याच्याकडं, तो चॅम्पियन. दोन-तीन एकाकडं आले तर त्याला म्हणायचं युनिफाइड, म्हणजे एकत्र केलेला. अन् चारी एकाकडं आले तर? “तर तो अनडिस्प्युटेड.” समालोचक तोच शब्द घोकून राह्यला होता.

“म्हणजे काय?”

“ज्याच्याबद्दल वादच न्हाई तो.”

“मंग साधं बिनविरोध म्हणा की! आमच्या शहागडला माझा चुलता बिनविरोध निवडून आल्ता.”

तुम्ही चहाचा कप खाली ठेवला. एखाद्या पोरानं फळ्यावर भलतंच लिहावं अन् मास्तरांनी खडू खाली ठेवावा, बिलकुल तसा. “बिनविरोध? अगं, बिनविरोध म्हणजे समोर कुणी उभंच राह्यलं न्हाई! तुझा चुलता घरी झोपला अन् सकाळी सरपंच म्हणून उठला. हा गडी चौघांना आडवं करून इथं आलाय.”

“पण वाद दोन्हीकडं न्हाईच ना?”

“एकीकडं भांडण झालंच न्हाई म्हणून वाद न्हाई. अन् एकीकडं भांडण संपलं म्हणून वाद न्हाई. फरक हाये का न्हाई?”

“हाये,” मी म्हणलं, “पण हे चारी गड्डे मी सोलणार, म्हणजे या घरात बिनविरोध मीच.” अन् तुमच्या हातातनं लसूण काढून घेतला. त्यानंतर मी मुद्दाम बिनविरोधच म्हणायची. तुम्ही दर वेळी दुरुस्त करायचे. मला ती दुरुस्ती ऐकायचीच असायची, हे तुम्हाला कळत होतं का हो? मला वाटतं कळत होतं. नाहीतर इतक्यांदा कुणी सांगतं का.

शाळा मी तिसरीपर्यंत बघितली. पुढचं वाचणं पोरीच्या पुस्तकांवरून अन् पुडीच्या कागदांवरून आलं. पण या पट्ट्यांचं सगळं मी तुमच्याकडून शिकले, अन् माझ्या भाषेत मांडलं. मँडेटरी म्हणजे दाराशी आलेला पाहुणा. चॅम्पियनला त्याच्याशी लढावंच लागतं. टाळाटाळ केली तर संघटना पट्टा काढून घेती. एका संघटनेनं तर एकाच वजनात दोन चॅम्पियन करून ठेवलेले, एक मोठा अन् एक साधा. मी म्हणलं, “हे तर एका गावाला दोन पोलीस पाटील झाले.” हे मात्र तुम्हाला आवडलं होतं. वाघमारे सर घरी आले तेव्हा त्यांना तुम्ही हे माझं नाव घेऊन सांगितलं. मी आत पोळ्या करून राह्यले होते. एक पोळी करपली.

मंग एका रविवारी तो दुसरा शब्द आला. समालोचक म्हणाला, इंटेरिम चॅम्पियन. मी नेहमीसारखं विचारलं, “हे काय आता नवीन?”

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. पडद्याकडं बघत म्हणालात, “खरा चॅम्पियन आजारी असला, जखमी असला, लवकर लढू शकत नसला, तर तोवर खेळ चालू राहावा म्हणून एक नेमतात. तो इंटेरिम.” अन् थोडं थांबून, “प्रभारी.”

 लढत चालू होती, पण तुम्ही बघत नव्हता. मी पण नाही.

परक्याला सांगावं लागेल इथं. बदनापूरला आपण नंतर आलो, तेव्हा तुमची शाळा होती त्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. जुने हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेत सगळ्यात जुने तुम्ही. केंद्रप्रमुखांनी सांगितलं, ऑर्डर येईपर्यंत चार्ज तुमच्याकडं. सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून कुणाकुणाचं कोर्टात गेलेलं, म्हणून बढत्याच थांबलेल्या. ऑर्डर यायची होती या पावसाळ्यात, मंग दिवाळीनंतर, मंग नव्या वर्षात. तुमचे केस पांढरे झाले तरी ती रस्त्यातच होती. तोवर घंटा तुमची, खिचडीचे तांदूळ तुमचे, गळकं छप्पर तुमचं, तालुक्याच्या मीटिंगा तुमच्या. फक्त खुर्ची तुमची नव्हती. म्हणजे खुर्ची होती, पण तुम्ही तिच्यावर बसला नाहीत. टेबलाच्या बाजूला आपली वर्गातली खुर्ची लावायचे अन् तिरपे बसून सह्या करायचे. एकदा साहेब तपासणीला आले अन् विचारलं, “हेडमास्तर कुठंत?” तुम्ही म्हणालात, “जागा रिकामी हाये साहेब, चार्ज माझ्याकडं.” साहेब हसले. हे तुम्ही मला घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही पण हसलात. मी नाही हसले.

कारण गावानं तुमच्या ऑर्डरची वाट बघितली नव्हती. ज्या दिवशी घंटा तुमच्या हातात आली त्या दिवसापासून तुम्ही हेडमास्तर, अन् मी हेडमास्तरीणबाई. पाण्याच्या टाकीवर हंडा घेऊन गेले की बाया म्हणायच्या, “सरा गं, हेडमास्तरीणबाईला भरू द्या आधी.” तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईला ‘हेडमास्तरीणबाई’ म्हणतात, तेव्हा तिला काय वाटतं, हे तुम्हाला नाही कळणार. तुमच्याकडं पदव्या होत्या. माझ्याकडं तो एकच शब्द, अन् तो पण तुमच्या शब्दाला चिकटलेला.

मंग तुमच्या निवृत्तीचा सत्कार झाला. पटांगणात मंडप, शाल, पुष्पगुच्छ, काचेचं स्मृतिचिन्ह. त्याच्यावर सोनेरी अक्षरात ‘मुख्याध्यापक’. मी बायांच्या पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. तुम्ही माइक घेतला, सगळ्यांचे आभार मानले. अन् मंग काचेचं ते चिन्ह वर धरून म्हणालात, “एक दुरुस्ती आहे. मी मुख्याध्यापक नव्हतो. प्रभारी होतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सरांचा विनय. सरपंच ओरडला पण, “सर, आता तरी सोडा!” माझ्या शेजारची बाई माझ्या कानाशी वाकली अन् म्हणाली, “म्हणजे पक्के नव्हते व्हय सर? एवढी वर्सं?”

पक्के. तो शब्द असा लागला मला.

घरी येऊन जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. शाल अजून खांद्यावरच होती तुमच्या.

“एक शब्द गिळला असता तर घशात अडकला असता का?”

“अडकला असता.”

“शाल घेतली, फुलं घेतली, पेढा खाल्ला. शब्दच तेवढा जड झाला?”

“शाल माझी होती. शब्द माझा नव्हता.”

“सगळं गाव म्हणतंय हेडमास्तर. गाव खोटं?”

“गाव मायेनं म्हणतं. मायेनं दिलेली वस्तू आपली म्हणून लिहून घ्यायची नसती, सुमन.”

“अन् ज्यांनी ऑर्डर काढली न्हाई ते खरे?”

यावर तुम्ही शाल घडी करायला घेतली. तुम्हाला उत्तर नसलं की तुम्ही घड्या करायचे. उत्तर असलं तरी करायचे. म्हणून मला कधी कळलं नाही की भांडण जिंकलं का हरलं.

एक गोष्ट मी त्या दिवशी बोलले नाही, अन् नंतरही कधी नाही. ती आता बोलते. तुम्ही माइकवर तुमचा शब्द खाली ठेवला ना, तेव्हा त्याला चिकटलेला माझा पण खाली पडला. तुम्ही मला विचारलं नव्हतं. तुम्ही खरं बोलत होता, अन् खरं बोलणाऱ्याला विचारायची गरज वाटत नाही. पण मी पहिल्या रांगेत होते हो.

बदनापूरला राहायला आलो तरी हे भांडण आपल्या सामानाबरोबर आलं. टीव्हीपुढं बसलो की कुठून तरी डोकं वर काढायचं. एका रविवारी बातमी सांगून राह्यले होते की मोठ्या चॅम्पियननं आपला पट्टा सोडला, अन् जो इंटेरिम होता त्याला संघटनेनं न लढताच पक्का चॅम्पियन करून टाकला. तुम्ही म्हणालात, “हे बघ. बसल्या जागी. घाम न गाळता.”

मी म्हणलं, “तुम्हाला निवृत्तीच्या आदल्या दिवशी अशी ऑर्डर आली असती तर? घेतली नसती?”

तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवला. मला वाटलं टाळलं. मंग म्हणालात, “घेतली असती.”

“मंग?”

“घेतली असती, अन् रोज सकाळी आरशात बघून सोताला शिव्या दिल्या असत्या. पण घेतली असती. तुझ्यासाठी.”

तुझ्यासाठी म्हणालात.  स्वयंपाकघरात गेले अन् उगाच डबे पुसले. म्हणजे तुम्हाला थोडं माहीत होतं. किती माहीत होतं, हे विचारायचं राहून गेलं.

अन् लीनियलचं राहिलं ते तर माझ्या जिव्हारी लागलंय. लीनियल म्हणजे ओळीतला चॅम्पियन. त्याला पट्टा नसतो, कुणी संघटना त्याला नेमत नाही, कागद नाही. ज्यानं मालकाला पाडलं तो मालक, त्याला ज्यानं पाडलं तो पुढचा मालक. एकाकडून दुसऱ्याकडं चालत आलेलं. तुम्ही हे सांगितलं अन् मी बसल्या जागी ताठ झाले.

“मंग तुम्ही तेच!”

“काय तेच?”

“जुन्या हेडमास्तरांनी किल्ल्या कुणाच्या हातात दिल्या? तुमच्या. तुम्ही कुणाला दिल्या? वाघमारे सरांना. झाली की ओळ! ना ऑर्डर, ना संघटना. तुम्ही लीनियल हेडमास्तर.”

तुम्ही माझ्याकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या हातात घडी करायला काही नव्हतं. मंग म्हणालात, “पण ओळीत यायला आधीच्याला पाडावं लागतं. मी त्यांना कुठं पाडलं? त्यांनी आपणहून किल्ल्या दिल्या.”

“हेडमास्तराला काय पाडायचं असतं व्हय!”

तुम्ही असे हसलात की ठसका लागला. मी पाठ चोळली, पाणी दिलं. डोळे पुसत म्हणालात, “याचं उत्तर हाये माझ्याकडं. विचार करून सांगतो.”

नाही सांगितलं. त्यानंतर तुमची छातीच दुखायला लागली. जालन्याला नेलं, भरती केलं, नळ्या लावल्या. उत्तर तुमच्याकडं होतं का नव्हतं, का मला बरं वाटावं म्हणून म्हणालात, मी रोज यावर डोकं झिजवून राह्यले.

दवाखान्यात रविवार आला. तुम्ही डोळे मिटून पडलेले, पण मला माहीत होतं तुमच्या मनात काय चाललंय. मी प्रज्ञाचा मोबाइल घेतला अन् बाहेर बाकड्यावर बसून सगळी लढत एकटीनं बघितली. जन्मात पहिल्यांदा एकटीनं. एका बाईचा नवरा आत ऑपरेशनला होता, ती माझ्याकडं अशी बघून राह्यली की ही म्हातारी या वेळेला काय बघते. मी तिला कसं सांगू, की मी बघून नाही राह्यले, कुणासाठी तरी घेऊन जाऊन राह्यले.

आत येऊन तुमच्या कानाशी सांगितलं. कोण जिंकला, कितव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. “आता तीन पट्टे त्याच्याकडं,” मी म्हणलं, “चौथा रिकामा हाये.”

तुमचे ओठ हलले. मी वाकले. तुम्ही म्हणालात, “रिकामा न्हाई. काढून घेतलेला.”

“एकच की ते.”

“एक न्हाई,” तुम्ही म्हणालात. एका एका शब्दाला दम लागून राह्यला होता. “रिकामा म्हणजे... गडी सोडून गेला. काढून घेतलेला... म्हणजे त्याला सोडायचा नव्हता.”

नर्स म्हणाली, “आजी, त्यांना बोलायला लावू नका.” मी तुमचं पांघरूण नीट केलं.  त्यानंतर तुम्ही पाणी मागितलं असेल, प्रज्ञाचं नाव घेतलं असेल, पण नीट असं वाक्य तेच शेवटचं. लोकांची माणसं जाताना काय काय सांगून जातात. माझा माणूस दुरुस्ती करून गेला.

अन् काय दुरुस्ती करून ठेवलीत! आता मी तुमच्या खाटेकडं बघते अन् रिकामी म्हणायला तोंड उघडते, तर तुमचा आवाज आडवा येतो. रिकामी का काढून घेतलेली? तुम्ही सोडून गेलात का तुम्हाला सोडायचं नव्हतं? मला माहीत आहे सोडायचं नव्हतं. मार्चात प्रज्ञाच्या पोरीचं बारसं होतं, तुम्ही नावाचा विचार करून राह्यले होते. म्हणून मी रिकामी म्हणत नाही. पण काढून घेतलेली म्हणलं की मंग कुणावर तरी राग येतो, अन् तो राग कुणावर काढावा हे तुम्ही शिकवलं नाही.

भंतेजी आले होते. म्हणाले, सगळं अनित्य आहे, या जगात कायम असं काहीच नाही. सगळे हात जोडून खाली बघून राह्यले होते, अन् माझ्या मनात आलं, तुम्ही आत्ता माझ्या बाजूला असता तर कोपरानं ढोसून म्हणाला असता, “ऐकलंस का? सगळेच प्रभारी.” मला हसू आलं अन् त्याच्याच पाठीमागून असं रडू आलं की प्रज्ञानं मला धरलं. लोकांना फक्त रडू दिसलं.

तेव्हापासून माणसं येऊन राह्यलीत. तुमच्या शाळेची. एक ट्रॅक्टर चालवतो, एक जालन्याला मोंढ्यात हमाली करतो, एक नर्स झाली. ती नर्स सांगत होती, तिच्या बापानं सातवीतून तिचं नाव काढायला दाखला मागितला, तर तुम्ही त्याच्या ओट्यावर जाऊन बसलात अन् म्हणालात, “दाखल्यावर सही करायचा मला अधिकार न्हाई, मी प्रभारी हाये. पक्का हेडमास्तर येईल तवा या.” अन् बाप बिचारा वर्षभर पक्क्या हेडमास्तरची वाट बघत बसला. तोवर पोरगी आठवीत गेली. हे मला माहीतच नव्हतं हो! तुम्ही मला कधी सांगितलं नाही. सही करायचा अधिकार होता तुम्हाला, मी बघितलंय तुम्हाला दाखल्यांवर सह्या करताना. म्हणजे एवढा खऱ्याचा माणूस, त्या एका शब्दाच्या आड उभा राहून खोटं बोलला. मी इतकी हसले त्या पोरीपुढं. मंग तिलाही हसू फुटलं, अन् दोघी रडलो.

त्या गावच्या बाया पण आल्या, जीप करून. त्यांनी मला मधे घेतलं, अन् त्यातल्या सगळ्यात म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. “हेडमास्तरीणबाई,” म्हणाली, “काही खाल्लं का गं माय?” तिनं शब्द मुद्दाम वापरला नव्हता. तिला दुसरा माहीतच नव्हता. तुमच्या दुरुस्तीला इतकी वर्षं झाली, पटांगणात माइकवरून झाली, सगळ्यांनी ऐकली, अन् त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. म्हणजे माझ्याकडून कुणी काही काढून घेतलंच नव्हतं. मीच पहिल्या रांगेत बसून हातानं उतरवून ठेवलं होतं. ती बाई मला भात भरवत होती अन् माझ्या मनातली एक जुनी गाठ कुठं गेली, मला कळलं नाही.

मंग मी प्रेसवाल्याला फोन लावला.

“प्रभारी टाका,” म्हणलं.

तो चांगला माणूस आहे. म्हणाला, “काकू, बारीक टाईपात टाकू का? कंसात? दिसणार पण न्हाई.”

“कंसात नको. बराबरीच्या अक्षरात.”

प्रज्ञा बाजूलाच होती. “आई! तू तर जन्मभर बाबांशी भांडलीस त्याच्यावरून. अन् आता?”

“भांडले,” मी म्हणलं, “पण शब्द त्यांचा हाये.”

ती रुसून आत गेली. मंग थोड्या वेळानं तिनंच येऊन पत्रिकेचा मजकूर तपासला, काना-मात्रा बघितल्या. तुमचीच पोरगी आहे.

तर असं झालंय. पण मला पटलं म्हणून झालं असं समजू नका. मला अजून वाटतं, ज्याच्या घंटेवर दोनशे पोरं उभी राहतात तो हेडमास्तर, ऑर्डर गेली खड्ड्यात. तुमचं उत्तर यायचं राहिलं, माझं बोलायचं राहिलं ते आता बोलले, अन् आपल्या दोघांत गुण मोजायला कुणी पंच नाही. मी ही लढत बरोबरीत सुटली असं धरते. तुम्हीच सांगितलेलं, बरोबरीत सुटली तर पट्टा हलत नाही, आधी ज्याच्याकडं होता त्याच्याकडंच राहतो. आव्हान देणाऱ्याला जिंकावं लागतं, नुसतं शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहून भागत नाही.

या भांडणात आव्हान माझं होतं. म्हणून शब्द तुमचा. मी उभी आहे, तेवढंच.